लक्ष्मीबाई आणि वरच्या खोलीतली तनुजा

बिलोलीहून माझी लातूरला बदली झाली ती २०१५ साली. विमा कंपनीच्या कचेरीत काम, आणि राहायला औसा रोडच्या आतल्या गल्लीत लक्ष्मीबाईंच्या दुमजली घरात वरची एक खोली. खाली त्यांची खाणावळ होती. सकाळी साडेअकराला आणि संध्याकाळी सातला डबे निघत. जवळजवळ सगळे डबे क्लाससाठी लातुरात येऊन राहिलेल्या मुलांचे. वरच्या तीन खोल्या मात्र त्या नोकरी करणाऱ्या बायकांनाच देत. "क्लासची लेकरं ठेवून घेत न्हाई मी," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "जेवायला घालते. आईबापाचा जिम्मा माझ्याच्यानं व्हायचा न्हाई."

बुटकी बाई, मनगटं जाड, बोलणं थोडं. पीठ मळताना कुणी काही विचारलं तर परात पुरी होईपर्यंत उत्तर द्यायच्या नाहीत. त्यांचं गाव तेरणेच्या काठचं. त्र्याण्णवच्या भूकंपात नवरा हणमंत आणि सासूसासरे गेले. दोन वर्षांची मुलगी कान दुखतो म्हणून औशाला आजीकडे ठेवली होती, ती वाचली. लक्ष्मीबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या. काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, मग वसवलेल्या नव्या गावात मजुरी करून काढली, आणि २००१ साली मुलीला घेऊन त्या लातूरला आल्या. शहरात क्लास वाढत होते, बाहेरगावची मुलं येत होती आणि त्यांना घरच्यासारखं जेवण हवं होतं. आधी एका वसतिगृहात स्वयंपाकीण, मग स्वतःची खाणावळ, मग हे घर. मुलगी उदगीरला दिली. भूकंपाबद्दल त्या आपण होऊन कधी बोलल्या नाहीत.

तनुजा आली २०१७ च्या जूनमध्ये. वय अठ्ठावीस. किनवटकडची, वडील रेल्वेत गँगमन होते. लग्न दोन वर्षांत मोडलेलं. एका मोठ्या क्लासच्या कचेरीत ती चौकशीच्या खिडकीवर बसायची आणि दिवसभर पालकांना फोन लावायची. घरी आली की जिन्यावर बसून केसांना तेल लावायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. पुढच्या वर्षी क्लासने कचेरीतली माणसं कमी केली, त्यात तिची नोकरी गेली. आठ-दहा दिवसांनी ती म्हणाली, "घरूनच एका कंपनीचं काम करून राहिले." मोबाइलवरचं काम आहे, शांतता लागते, असं सांगून तिनं लक्ष्मीबाईंकडे खिडकीला जाड पडदा मागितला. त्यांनी जुन्या निळ्या चादरीचा शिवून दिला. कापड कमी पडलं म्हणून खाली पिवळ्या कोयऱ्यांचा पट्टा जोडला. त्यानंतर दुपारी एक ते पाच तनुजाचं दार आतून बंद असायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तर त्या वेळी कचेरीतच असायची.

२०१९ च्या मार्चमध्ये कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं मला बाजूला बोलावून मोबाइल दाखवला. कुठल्याशा ग्रुपवर आलेली दीड मिनिटाची क्लिप होती. तीत तनुजा होती. अंगावर कपडे कमी होते आणि ती हसत कुणाशी तरी बोलत होती. याहून जास्त लिहायची गरज नाही. "मॅडम, ही तुमच्या गल्लीतली आहे म्हणतात. खरं का?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणू शकले असते, किंवा माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "पडदा तर आमच्याच घरचा आहे."

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, मी घरीच होते; चार वाजता समोरचे श्रीमंतराव आणखी दोन घरमालकांना घेऊन आले. श्रीमंतराव एसटीतून निवृत्त झालेले. घराचे वरचे मजले त्यांनी क्लासच्या मुलांना भाड्याने दिले होते, आणि ती सगळी मुलं लक्ष्मीबाईंकडे जेवायची. त्यांचा स्वतःचा डबाही इथूनच जायचा. माणूस वाईट नव्हता. लक्ष्मीबाईंना ताप आला तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं.

"वैनी, आमी तुमाला काई म्हनत न्हाव," ते चप्पल दारात काढून आत येत म्हणाले. "पर पालकांचे फोन येलालेत. लेकरं या घरचं जेवतेत. बाप म्हनतो, तितं असलं चालतंय तर डबा बंद करा. महिनाअखेरीला तिला खोली खाली करायला सांगा. बोभाटा नको, गुपचूप."

"लेकरांचं अन् तिचं काय? लेकरं माडीवर येत न्हाईत, ती खाली वाढायला येत न्हाई."

"येत न्हाई. पर लोक तसं बघत न्हाईत."

लक्ष्मीबाईंनी हातातलं भांडं पालथं घातलं. "आधी तिला इचारते. मंग सांगते तुमाला."

त्या रात्री तनुजा खाली जेवायला आली नाही. लक्ष्मीबाईंनी ताट वर पाठवलं. दुसरा दिवस रविवार होता. दुपारचे डबे गेल्यावर त्यांनी आम्हा दोघींना स्वयंपाकघरात बोलावलं आणि तुरीची डाळ निवडायला समोर ओतली.  मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"घरी कोन आजारी हाय का?"

"नाही मावशी."

"कर्ज?"

"नाही."

"कुनाची बळजबरी?"

"नाही. कुणाचीच नाही."

"मंग कामून?"

तनुजानं डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "क्लासमध्ये मला नऊ हजार मिळायचे. रोज दीडशे फोन. कोणी बाप फीबद्दल शिव्या द्यायचा, कोणी म्हणायचा आवाज गोड आहे तुझा, भेटायला कधी येऊ. त्याला हसूनच उत्तर द्यायचं, असा नियम होता. या कामात मी चार तास बसते आणि दुप्पट मिळवते. हसायचंच होतं, तर मग…" वाक्य तिनं सोडून दिलं. "लोकांना वाटतं घरी आई मरायला टेकलेली असेल. तसं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. माझी आई ठणठणीत आहे, मावशी."

"सगळा पैका तुलाच मिळतो?"

"नाही. दहातले सहा कंपनी ठेवते."

"सहा?" लक्ष्मीबाईंचा हात थांबला. "ती कंपनी काय करती?"

"ॲप देते. माणसं आणते. आणि दोन दिवस सुट्टी घेतली की माझं नाव यादीत खाली टाकते. मग कुणाला मी दिसतच नाही."

"म्हंजे ही बी नोकरीच हाय की. मालक दिसत न्हाई, एवढंच."

तनुजा हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"अन् काय करायचं, काय न्हाई, ते तू ठरवतीस का तो समोरचा?"

"मीच." मग ती म्हणाली, "दर वेळी नाही. महिन्याच्या शेवटी कुणी जास्तीचं देतो म्हणाला, तर मनात नसलं तरी हो म्हणून जाते. खोटं कशाला सांगू."

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "पण तनुजा, हे बरोबर आहे असं वाटतं का तुला?"

"मॅडम, तुम्ही पॉलिसी विकता तेव्हा समोरच्याला सगळं खरं सांगता?"

"ते आणि हे सारखं नाही."

"नाही सारखं," ती शांतपणे म्हणाली. "सारखं असतं तर मी घरी सांगितलं असतं. पण लोक ज्या कारणासाठी वेगळं म्हणतात, ते कारण मला पटत नाही. मी कुणाला फसवत नाही. जो येतो तो स्वतःच्या पायानं येतो."

"त्याच्या घरी बायको असते."

"असते. तिला मी ओळखत नाही. तो ओळखतो."

 तिचं बोलणं खरं आहे असंही वाटलं नाही आणि खोटं आहे असंही नाही. लक्ष्मीबाई सूप बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते चार वर्षांत मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मला दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. कमरेपत्तूर मातीत होते. लुगडं आतच राह्यलं, वर कायबी न्हवतं. एक जवान आपला शर्ट काढून माझ्या अंगावर टाकाय लागला, तेवढ्यात कुनीतरी फोटो काढला. मला तवा सुद नव्हती, फकस्त उजेड झाल्याचं कळलं.

"दहा वर्सांनी हितं लातुरात एका हॉलमदी भूकंपाचा कार्यक्रम होता. जेवनाचं काम मला मिळालं होतं. वाढायला गेले तर भितीवर मी. दार असतंय ना, तेवढी मोठी. लोक थाळी घेऊन माझ्याम्होरं उभं राहून खाऊन राहिलते. मी तितल्या साहेबाला म्हनले, हा काढा. तो चांगला मानूस होता. हात जोडले त्यानं. म्हनला, बाई, हा फोटो बगून कुठनं कुठनं मदत आली, तुमच्या गावची शाळा या फोटोनं बांधली."

"मग?" तनुजानं विचारलं.

"शाळा चांगली हाय. माझी पोरगी चौथीपत्तूर तितंच शिकली. आता मी काय बोलावं? काढनाऱ्याला पगार मिळाला, छापनाऱ्याला मिळाला, गावाला शाळा मिळाली. वाईट काईच झालं न्हाई कुनाचं. पर मला कुनी इचारलं न्हाई, बाई, घेऊ का म्हनून." त्यांनी पदरानं चेहरा पुसला, घाम पुसावा तसा. "मंग टेबलावर चढले अन् काढला. गुंडाळून घरी आनला, चुलीत घातला. त्या साहेबानं जेवनाचे पैसे चुकते दिले, पुन्ना काम मातर दिलं न्हाई."

 मग त्या तनुजाकडे वळल्या. "तुझं काम मला पटत न्हाई. आज न्हाई, उद्याबी पटायचं न्हाई. पर तू दाखवलं ते येगळं, अन् कुनीतरी ते चोरून घेऊन पसरवलं ते येगळं. गल्लीतले लोक तुला हाकला म्हनलालेत, त्याला कोनच काई म्हनत न्हाई."

मग मी सांगून टाकलं. पडदा मी ओळखला होता, माझ्याच तोंडून बातमी गल्लीपर्यंत आली होती. तनुजा माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि वर गेली. लक्ष्मीबाईंनी सूप माझ्याकडे सरकवलं, उरलेली डाळ मी एकटीनं निवडली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंनी सौदामिनीताईंना बोलावलं. त्या वकील, कोर्टाजवळ राहायच्या आणि दुपारचा डबा आमच्याकडून न्यायच्या. त्यांनी काही लपवलं नाही. "तक्रार करता येते. परवानगीशिवाय चित्रण करून पसरवणं हा गुन्हाच आहे. पण पोलीस तुलाही विचारणार, तू काय करत होतीस. तुझ्या कामाबद्दल कायदा तुझ्या बाजूनं बोलेल याची खात्री मी देत नाही. उलटूही शकतो. शिवाय तुझा फोन पुरावा म्हणून जमा होईल, आणि तो कधी परत मिळेल ते सांगता येत नाही."

तनुजानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून खाली आली. लक्ष्मीबाईंनी डब्यांचं काम मदतनीस पारूबाईंवर सोपवलं आणि त्या तिच्याबरोबर निघाल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागोमाग गेले. तनुजा नको म्हणाली नाही, ये असंही म्हणाली नाही.

चौकीत एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे काम तुम्ही स्वतःहून करता?"

"हो."

"लिहू तसं?"

"लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं.  बाहेर पडताना लक्ष्मीबाईंनी विचारलं, "हिच्यावर तर काई येनार न्हाई ना?" अधिकारीबाई म्हणाल्या, "आत्ता तरी तक्रार तिची आहे."

क्लिप सगळ्यात आधी पाठवणारा माणूस तीन आठवड्यांत सापडला. गंधार नावाचा तरुण, तनुजाच्या जुन्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा. तिथे असताना त्यानं तिला चार-पाच वेळा चहाला बोलावलं होतं आणि ती गेली नव्हती. दुसरं नाव घेऊन तो महिनाभर तिच्याशी मोबाइलवर बोलत होता, पैसे देत होता. तो स्वतः दिसायचा नाही, लिहूनच बोलायचा, म्हणून तिला ओळखू आलं नव्हतं. हे कळल्यावर ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. त्या आधी आणि त्या नंतरही, कशानं ती मोडलेली मी पाहिली असेल तर यानं.

त्या रविवारी डाळ निवडून झाली त्याच संध्याकाळी लक्ष्मीबाई श्रीमंतरावांकडे गेल्या होत्या. ओट्यावर उभ्या राहूनच बोलल्या, मी दारातून ऐकत होते.

"खोली खाली करनार न्हाई. डबे बंद करायचे तर करा."

"वैनी, धंदा बसंल तुमचा."

"बसंल."

तो बसलाही. साठाच्या वर असलेले डबे पंधरवड्यात पंचवीसवर आले. पारूबाईंना त्यांनी दोन महिने घरी बसायला सांगितलं. अकरा वर्षं कामाला असलेली बाई ती. जाताना म्हणाली, "तिच्यापायी माझ्या पोटावर पाय," आणि दोन महिन्यांनी बोलावणं गेलं तरी परत आली नाही. लक्ष्मीबाईंना याचं फार लागलं. त्या म्हणायच्या, बरोबर वागले का चूक ते देवाला ठावं, पर पारूचं मी वाईट केलं. मी हा प्रसंग कुणाला सांगते तेव्हा लक्ष्मीबाईंचं कौतुक होतं. पारूबाईंचं नाव कुणी विचारत नाही.

फोन जमा झाल्यामुळे तनुजाचं काम बंद होतं. ती खाली येऊन पोळ्या लाटायला लागली. पोळ्या वाईट व्हायच्या. लक्ष्मीबाई एखादी उचलून बघायच्या आणि स्वतःच्या ताटात घ्यायच्या. खोलीभाड्याचा विषय त्या काळात कुणी काढला नाही.

जूनमध्ये क्लासची नवी बॅच आली. परभणी, बीड, हिंगोलीहून नवे पालक आले, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. डबे पुन्हा वाढले. दिवाळीनंतर श्रीमंतरावही एक दिवस मोकळा डबा घेऊन दारात आले आणि म्हणाले, "बाहेरची भाकर पोटाला सोसंना वैनी." लक्ष्मीबाईंनी डबा घेतला, भरून दिला.

सप्टेंबरमध्ये तनुजानं दुसरा फोन घेतला आणि लक्ष्मीबाईंना स्पष्ट सांगितलं की ती काम पुन्हा सुरू करतेय. या वेळी तोंड झाकून, दुसऱ्या कंपनीकडे. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मी गप हाय म्हंजे मला पटलं असं समजू नको."

"नाही समजत."

"दुपारी जेवून बसत जा. उपाशी नको."

ते काम तिनं पुढे सोडलं, पण लोकांना वाटतं तसं मन बदलून नाही. टाळेबंदीत घरी बसलेल्या कितीतरी बायका या कामात आल्या, बघणाऱ्यांना स्वस्तात मिळायला लागलं, कंपनीनं आपला हिस्सा कमी केला नाही. पूर्वी चार तासांत मिळायचं त्यासाठी आठ तास बसावं लागायला लागलं. तनुजानं हिशेब केला आणि उठली. साठवलेल्या पैशांतून नांदेडला रक्ततपासणीचा कोर्स केला. आता तिथेच एका लॅबमध्ये आहे. तुला पश्चात्ताप होतो का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाही. पण आठवणही काढत नाही." तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. आम्ही बोलतो. जिन्यावर बसून बोलायचो तसं नाही.

खटला अजून चालू आहे. तारखेला ती नांदेडहून बसनं येते आणि लक्ष्मीबाई गुडघे धरत धरत तिच्याबरोबर कोर्टात जातात. गेल्या जानेवारीच्या तारखेला मीही होते. व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. निलंग्याकडची, गंधारची आई. गंधारची नोकरी गेली होती आणि तो आत वकिलापाशी उभा होता. दुपारी एकच्या सुमारास म्हातारीला घेरी आली. तिला साखरेचा आजार होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. लक्ष्मीबाईंनी पिशवीतून आमच्यासाठी आणलेली भाकरी आणि गूळ काढला आणि तिला आपल्या हातानं भरवलं.

तनुजा उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तारीख पुढची पडली. कोर्टातून बसस्टँडपर्यंत ती लक्ष्मीबाईंशी एक अक्षर बोलली नाही. बस लागली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी आणलेलं होतं ते."

"हाव," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठीच आनलं होतं."

बस गेली. आम्ही रिक्षानं घरी आलो, त्यांनी संध्याकाळचं पीठ मळायला घेतलं. साडेपाचला त्यांचा फोन वाजला. हात पिठाचे होते म्हणून मी तो त्यांच्या कानाला लावला.

"पोचले," तिकडून तनुजा म्हणाली.

"बरं. जेवून घे," लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि मला फोन ठेवायची खूण केली.